एरंडेल पिणारं इंजिन

६ मार्च १९११, लव्हालुआ, पॅरिसजवळ
— आणि खलाशाची मजुरी मी का द्यायची? बोट बाबांची, मासे बाबांचे! मी इकडे कारखान्यात आलो म्हणून माझ्या जागी कोरांतँला ठेवावं लागलं, हे बाबांनी आता तिसऱ्यांदा कळवलंय. पत्र लिहितात गावचे पाद्रीबाबा, पण शिव्या बाबांच्याच. "बांगड्याच्या हंगामाला ये, नाहीतर त्याचे पैसे टाक." दोन्ही नाही!

९ मार्च
मोटारींच्या खात्यातून उचलून विमानाच्या इंजिनांवर टाकलं. हे इंजिन अख्खंच्या अख्खं गरगरतं, आणि पितं एरंडेल! चालू केलं की तोंडावर फवारा. म्हातारा फिटर अन्सेल्म ओरडला, "ए सार्डिन माशा, तोंड मीट! नाहीतर दुपारभर परसाकडे पळशील."
मिटलं नाही. पळालो.

१७ मार्च
घात झाला. चार वर्षं मोटारींत काढली, हातानं सवयीनं तोच डबा उचलला. एरंडेलाऐवजी मोटारीचं तेल! पेट्रोलनं ते धुऊन नेलं; एरंडेल पेट्रोलात विरघळत नाही, हे विरघळतं. इंजिन चाचणीच्या चौथऱ्यावर किंचाळलं आणि जाम. फोरमन राबुर्दँ लालबुंद — "हात मोटारीचा, डोकं माशाचं!"
गेली नोकरी, आता गाव आणि बोट, असं धरून चाललो होतो. पण म्हणाला, "तूच खोल, तूच जोड. आणि इथला नियम ठाऊक आहे ना? जोडणारा पहिल्या उड्डाणाला मागे बसतो."

४ एप्रिल
जोडतोय. अन्सेल्म हात लावत नाही, नुसता बघतो. "नट आवळताना समज, खाली मीच उभा आहे."
"तुम्ही असाल तर सैलच ठेवतो, काका."
खो खो हसला.
घरून पुन्हा तेच. "कोरांतँला बायको आहे, त्याला फुकट राबवू का?" — राबवा! माझाच जीव टांगणीला, आणि मी पैसे पाठवू?

११ एप्रिल
गेलो वर! वैमानिकाच्या पाठीमागे, दोन्ही हातांनी दांडी धरून. खाली सेन नदी होती म्हणतात. मी बघितली नाही. कान इंजिनाला. एक ठोका चुकता तरी कळलं असतं. चुकला नाही!
उतरलो तेव्हा भुवयांतून एरंडेल गळत होतं. राबुर्दँ म्हणाला, "राहा याच खात्यात." एवढंच. अन्सेल्मनं वाईन पाजली. म्हणाला, "मेला नाहीस, म्हणजे शिकलास."
गावाला जाणार नाही. बाबांना उद्या स्पष्ट कळवतो.

१२ एप्रिल
कळवलं नाही. कंटाळा.

२० एप्रिल
पाद्रीबाबांचं पत्र. या वेळी त्यात बाबांचा शब्द एकही नाही. ईस्टरच्या आदल्या दिवशी वारा फिरला, शिडाचा दांडा आडवा आला, कोरांतँ पाण्यात गेला. बसला होता माझ्या जागेवर. सापडला नाही.

२१ एप्रिल
साठवलं होतं ते सगळं त्याच्या बायकोच्या नावानं पाठवतोय. एकशे चाळीस फ्रँक.