उजवीकडची बॅट

मुलुंड (पूर्व)
१२ डिसेंबर १९८२

ती. विद्याधरमामांस मृणालिनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या ऑफिसातले काशीराम परवा घरी येऊन व्हिडिओ गेमच्या दोन कॅसेट आणि खजुराचा डबा देऊन गेले. सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय, खेळून झाल्यावर नेहमीप्रमाणे अभिप्राय कळवावा. अभिप्राय नेहमी चंदू कळवायचा. त्याला जाऊन परवाच तीन महिने झाले. चिठ्ठी तुमच्या हातून सवयीने लिहिली गेली असणार, म्हणून ती मी आईला दाखवली नाही. पण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं मला जमत नाही. तेव्हा या खेपेला धाकट्या भावाचं काम थोरली बहीण करते आहे.

दोन्ही गेम मी प्रत्येकी दहा वेळा खेळले. पाणबुडीचा गेम दिसायला चांगला आहे, पण वरून येणाऱ्या बोटींचा क्रम ठरलेला आहे. दोन मोठ्या, एक लहान, थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा दोन मोठ्या. चौथ्या डावात तो मला पाठ झाला. त्यानंतर बोट दिसायच्या आधीच बटण दाबता येतं. पुढे काय येणार हे आधीच कळत असेल तर त्याला मी खेळ म्हणणार नाही.

भुयाराचा गेम जास्त हुशार माणसाने केलेला आहे. चार पहारेकरी आपला पाठलाग करतात असं वाटतं. प्रत्यक्षात दोघेच करतात, बाकीचे दोघे नुसते फिरत असतात. आपण एका जागी उभे राहिलो तर पाठलाग करणारे अगदी शेजारून निघून जातात, त्यांना आपण दिसत नाही. हा मला आवडला. घरात एकटीने खेळावा असा मात्र नाही.

चंदूचे अभिप्राय याहून गमतीचे असायचे. विटा फोडायच्या गेमबद्दल त्याने तुम्हाला लिहिलं होतं की सगळी भिंत फोडली तरी पलीकडे काहीच नाही, मामाला दुकानदाराने गंडवलं. मला तसं लिहिता येत नाही.

आता घरचं. आई अजून शाळेत शिकवायला जात नाही. तिच्या मुख्याध्यापिका रत्नप्रभाबाई स्वतः येऊन सांगून गेल्या की मार्चनंतर रजा वाढवणं त्यांच्या हातात नाही. आई ऐकून घेते. तुमच्या कॅसेटना ती हात लावत नाही. तुम्ही पहिल्यांदा पाठवलेल्या पेटीत जो मूळ गेम आहे, दोन बॅटी आणि एक चेंडू, तेवढाच ती खेळते. काविळीत चंदू सहा आठवडे कॉटवर पडून होता तेव्हा दोघं तोच खेळायची. आता रोज दुपारी चारला, टीव्हीवर काही नसतं त्या वेळी, आई पेटी लावते. डावीकडच्या बॅटचं हँडल स्वतःच्या हातात घेते आणि उजवीकडचं चंदूच्या कॉटवर, उशीपाशी ठेवते.

मामा, उजवीकडची बॅट हलते. हे मी स्वतः पाहिलं आहे. हँडलला कोणाचा हात नसतो. बॅट चार बोटं वर जाते, थांबते, खाली येते. कधीकधी चेंडू परतवते. मग आई हळूच "शाब्बास" म्हणते. भाऊ त्या वेळी घरी असले तर चपला घालून वाचनालयात जातात.

मला अंधेरीच्या कंपनीतून रविवारचीच सुटी असते, त्यामुळे बाकीच्या सहा दिवसांचं मला ठाऊक नाही.

तुमची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
मृणालिनी


मस्कत
२६ डिसेंबर १९८२

चि. मृणालिनीस विद्याधरमामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ती चिठ्ठी लिहिताना माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. दुकानात गेलो, चंदूला आवडतील असे दोन गेम निवडले, पैसे देऊन बाहेर आलो आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं. परत करायला पाय उचलेना. तू आईला दाखवली नाहीस हे फार बरं केलंस.

तुझे अभिप्राय दोनदा वाचले. कंपनीचा टेस्ट रिपोर्ट वाचतोय असं वाटलं. खाली सही-शिक्का तेवढा राहिला बघ. तरी सांगतो, असेच लिहीत जा. इथे संध्याकाळी वाचायला माझ्याकडे दुसरं काही नसतं.

बॅटचं मात्र मनातून जात नाही. माझी ताई अशी नव्हती गं. लहानपणी आमच्या आळीत कोणाच्या अंगात आलं की ही पुढे जाऊन त्या बाईला पाणी द्यायची आणि घरी येऊन हसायची. तिने रिकाम्या कॉटकडे बघून शाब्बास म्हणावं हे मला इथे बसून ऐकवत नाही. तुझ्या बाबांना मी काय सांगणार, भाऊंचा स्वभाव तुला माहीत आहे. तूच काहीतरी कर. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलास, रोज सर्किटं तपासतेस. ती पेटी उघड, काय बिघडलंय ते बघ आणि दुरुस्त करून टाक. बॅट हलायची थांबली की ताई आपोआप भानावर येईल.

प्रकृतीला जप. खजूर एकटीने संपवू नकोस.

तुझा,
विद्याधरमामा


मुलुंड (पूर्व)
३० जानेवारी १९८३

ती. विद्याधरमामांस मृणालिनीचा सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्याप्रमाणे काम केलं. त्याचा अहवाल देते.

सोळा तारखेच्या रविवारी आई खेळत असताना मी काही न बोलता निरीक्षण केलं. दहा मिनिटांत बॅट सहा वेळा हलली. आई चहा टाकायला उठली तेव्हा मी पंखा बंद केला. पुढच्या दहा मिनिटांत एकदाही हलली नाही. पंखा लावला, पुन्हा हलली. हँडलमध्ये एक गोल फिरणारा भाग असतो, रेडिओचा आवाज कमी-जास्त करायला असतो तसा. आतल्या पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की नीट स्पर्श होत नाही. पंख्याच्या वाऱ्याने वायर जरा हलली तरी तेवढ्याने बॅट उडी मारते. दोष साधा आहे.

पुढच्या रविवारी आई सुनंदामावशीकडे घाटकोपरला हळदीकुंकवाला गेली होती. तिथे ती जायला तयार नव्हती, भाऊंनी पोचवली. तेवढ्या वेळात मी लॅमिंग्टन रोडवरून आणून ठेवलेला नवा भाग बसवला आणि जुना कचऱ्यात टाकला. बॅट तपासली. जिथे सोडावी तिथेच राहते. आईला काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडणार नाही असं मी धरून चालले होते.

सोमवारचं भाऊंकडून कळलं. आईने चार डाव खेळले. चारही पंधरा-शून्य. पाचवा लावला, दोन चेंडू झाल्यावर उठली, कॉटजवळ गेली, हँडल उलटं करून बघितलं. स्क्रूच्या डोक्यांवर माझ्या स्क्रूड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते. मी घरी आले तेव्हा पेटी कपाटावर ठेवलेली होती.

आज सातवा दिवस. आई माझ्याशी बोलत नाही. ओरडलीही नाही. जेवण वाढते, डबा भरते, आणि भाऊंना सांगते की मृणालिनीला चहा झालाय म्हणून सांगा. मी तीन हात अंतरावर उभी असते. भाऊ दोघींकडे आळीपाळीने बघतात आणि निरोप पोचवतात. काल मला म्हणाले की पोरी, तो गेला तेव्हासुद्धा ती इतकी गप्प नव्हती.

ती दुपारी कॉटवर बसून असते. खेळत होती तेव्हा निदान डाव संपला की उठायची.

मी दोष काढला, मामा. तो दोषच होता, यात शंका नाही. तरी माझं कुठेतरी चुकलं आहे आणि ते मला सापडत नाही. आई पुन्हा कधी माझ्याशी बोलेल का, एवढं मला कळायला हवं आहे.

उत्तर लवकर पाठवा. वाट बघते.

आपली,
मृणालिनी


मस्कत
८ फेब्रुवारी १९८३

चि. मृणालिनीस अनेक आशीर्वाद.

चूक तुझी नाही, माझी आहे. इतक्या लांबून मी सल्ला द्यायलाच नको होता. आता एकच कर. ते होतं तसं करून ठेव. ताईला आतलं काय कळणार आहे? बॅट हलली की तिला बरं वाटेल, आणि ती बोलेल. पुढचं पुढे बघू. तू जेवत जा नीट.

तुझा,
विद्याधरमामा


मुलुंड (पूर्व)
२८ फेब्रुवारी १९८३

ती. विद्याधरमामांस मृणालिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आल्यावर लगेच कामाला लागले. जुना भाग गेला होता, म्हणून दोष नव्याने तयार करावा लागला. नवा भाग उघडून आतल्या काळ्या पट्टीवर पॉलिश पेपर फिरवला. पहिल्या खेपेला जास्त झालं, बॅट सारखी थरथरायला लागली. ती तशी कधीच नव्हती. दुसरा भाग आणून पुन्हा केलं. पंखा लावून, घड्याळ समोर ठेवून मोजलं. दहा मिनिटांत सहा वेळा. चांगल्या वस्तूत मुद्दाम दोष घालायचं काम मी पहिल्यांदाच केलं. ते दुरुस्तीपेक्षा अवघड आहे.

काल रविवारी चारला मी पेटी कपाटावरून काढून जोडली आणि आईला म्हटलं, लावून तर बघ.  ती उठली, पंखा लावला, हँडल उशीपाशी ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. उजवीकडची बॅट वर गेली, चेंडू परतवला. आईने स्वतःची बॅट हलवलीच नाही. चार चेंडू जाऊ दिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली,

"हा तो नाही. ही तू आहेस."

 ती पुढे म्हणाली, "पंख्याचं मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? डिसेंबरात मुलुंडला पंखा कोण लावतं गं? मीच लावायचे. पंखा रोज लावायचे. तो रोज यायचा नाही."

मी म्हटलं, मी मोजलं होतं. तिने विचारलं, किती दिवस मोजलंस. मी म्हटलं, एक रविवार.

"मी एकशे एकवीस दिवस मोजले," आई म्हणाली. "त्यातले चौदा दिवस तो आला. बाकीचे दिवस वारा होता."

मी ते चौदा दिवस कसे ओळखलेस असं विचारणार होते. प्रश्न तयार होता. विचारला नाही. चुकले, एवढंच म्हणाले. ती म्हणाली की चुकलीसच, मला विचारायचं होतंस. मग तिने कॉटवरचं हँडल उचलून माझ्या हातात दिलं आणि बस म्हणाली. त्या कॉटवर मी सप्टेंबरनंतर पहिल्यांदा बसले.

माझ्या हातात बॅट नीट राहत नव्हती. मीच तिची वाट लावली होती. पंधरा-अकराने हरले. आई म्हणाली, मुद्दाम हरत असशील तर तुझा तो खेळ नको. मी सांगितलं की मुद्दाम नाही, हँडल खराब आहे. त्यावर ती हसली. म्हणाली की चंदूही हरला की हेच सांगायचा, आणि खेळायचा इतका वाईट की मी डोळे मिटून जिंकले असते. कावीळ झालेल्या पोराला हरवायचं कसं म्हणून मीच चेंडू सोडायचे, म्हणाली. त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पाच महिन्यांत घरात त्याचं नाव घेऊन कोणी हसलं नव्हतं. भाऊ बाहेरून येऊन दारातच थांबले.

आज सकाळी आई शाळेत जाऊन रत्नप्रभाबाईंना भेटून आली. एप्रिलपासून हजर होईल.

एक गोष्ट राहिली. ती सांगावी की नाही हे ठरत नव्हतं. खेळून झाल्यावर आईने पुढचा डाव लावला, पण मध्येच पंखा बंद करून ती चहा टाकायला गेली. मी हँडल उशीपाशी ठेवलं आणि चांगला भाग बसवायचा म्हणून ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढायला वळले. माझी पाठ टीव्हीकडे होती. चेंडू बॅटला लागला की पेटीतून जो आवाज येतो तो आला. थोड्या वेळाने पुन्हा आला. मग आणखी एकदा. खिडकी लावलेली होती.

मी वळून पाहिलं नाही. मोजलंही नाही. ड्रॉवर बंद केला आणि आईने हाक मारेपर्यंत तिथेच उभी राहिले.

आईचा तुम्हाला आशीर्वाद. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नका.

आपली,
मृणालिनी