टीसीबाईचं बिऱ्हाड

॥ श्री ॥
रेल्वे कॉलनी, दौंड
९ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप गिताबाई आजीस,
नात सोनमचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुझे गुडघे थंडीनं धरले असतील. पोपटमामाला सांगून ओव्याचं तेल आणव. नुसतं 'बरी हाय' असं लिहू नकोस, मला खरं कळलं पाहिजे.

बातमी अशी की यांची बदली सोलापूरला झाली. डिसेंबरच्या शेवटी हे क्वार्टर सोडायचं आहे. तिथं क्वार्टर मिळेपर्यंत यांच्या चुलतभावाकडे एका खोलीत राहायचं. माणसांचं कसंही होईल. काळजी आहे ती आमच्या टीसीची.

टीसी म्हणजे आमची मांजर. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू हसली असतीस. उन्हाळ्यात यार्डात उभ्या डब्याखाली ती यांना दिसली, हे घरी घेऊन आले. डोळे पार सडले होते. जनावरांच्या डॉक्टरांनी दोन्ही काढले आणि पापण्या शिवल्या. पिल्लू नाही, चांगली मोठी आहे. घरात कोणी आलं की उंबऱ्याशी येऊन पायांचा वास घेते आणि मगच आत सोडते, म्हणून यांनी ते नाव ठेवलं. भिंतीला मिशा लावून चालते. दोन दिवसांत तिनं सगळं घर पाठ केलं.

चुलतजावेच्या लहान मुलाला दमा आहे, तिथं मांजर चालायचं नाही. शेजारच्या बाई म्हणतात, मालधक्क्यावर सोडून दे, धान्याच्या पोत्यांजवळ कोणीही जगतं. आजी, गाडी आली हे तिला ऐकू येतं, पण कोणत्या रुळावर आली ते कसं कळणार? मी तिला तिथं सोडणार नाही.

तुझ्या ओळखीत बघ ना. उंदरांसाठी नको. जीव लावणारं माणूस पाहिजे.

मामा-मामींना नमस्कार. तुझी माया आहेच, त्यातली थोडी या मुक्या जीवाकडे वळव, ही विनंती.

तुझी,
सोनम

॥ बिरोबा प्रसन्न ॥
वडगाव रासाई
१७ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. सोनमबाईस,
आजी गिताबाईचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. मी दोनदा वाचलं. अक्षर तुझं चांगलं हाय पण बारीक लिवतीस, मुंग्या चालल्यावानी. गुडघं खरंच दुखत्यात, आता खरं लिवलं. ओव्याचं तेल आणलं हुतं, पोपटनं ते सायकलच्या साखळीला घातलं. विचारलं तर म्हणतो आई, साखळी आता कुरकुर करत न्हाई. म्हणलं बाबा, माझं गुडघंबी तुझ्या सायकलला बसव.

मांजरीचं वाचून मी हसले न्हाई. टीसी नाव वाचून हसले. हनुमंतरावांना सांग, आजीनं नाव पसंत केलं. पण आपल्या घरी तिला आणता यायची न्हाई. आपली दोन कुत्री मेंढरामागं लांडगा बघितलेली हायत. त्यांना मांजर म्हंजी तोंडात टाकायचा शेंगदाणा.

मग मी गावात निघाले. पयलं गिरणीवाल्या हौसरावाकडं. तो म्हणला, डोळं न्हाईत तर उंदीर कसं धरंल? मी म्हणलं, तुला दोन डोळं हायत, तू किती धरलंस? तर पीठ झाडत बसला. वच्छलाबाईकडं गेले. तिची सून बाळंतीण हाय, तिनं दारातनंच हात जोडले. चहाबी दिला न्हाई. तिचा चहा पांचट असतो म्हणा.

शेवटी मुक्ताबाईकडं गेले. तुला ठावं न्हाई ती, सांगते. बापूसाहेब पाटलांची मालकीण. आपली मेंढरं फिरती हुती तवा सुगी झाल्यावर त्यांच्याच रानात बसायची, खतासाठी. तवापास्नं तिची माझी वळख. ती मोठ्या घरची, मी पालातली, पण दोघींच्या पोरांना गोवर एकदमच निघाला. आता तिचा पोरगा सत्यजीत शिक्रापूरला कंपनीत हाय, तिकडंच खोली घेऊन राहतो. बापूसाहेब सकाळी जीपमधी बसले की कारखाना, सोसायटी, लग्नं, मयती. घरात गडी-माणसं हायत, पण बोलायला कोण न्हाई. मी गेले की जायाचं नावच काढू देत न्हाई.

तिला सगळं सांगितलं, काही झाकलं न्हाई. ती म्हणली, आण, बघू. पण न्हाई जमलं तर परत नेशील ना? मी म्हणलं व्हय. कुठं नेणार ते मी इचारलं न्हाई आन् तिनंबी न्हाई. तवा तू घेऊन ये.

हनुमंतरावांना आशीर्वाद. तुझ्या पत्राची वाट बघायला मला दुसरा उद्योग न्हाई असं समजू नको, पण बघते.

आजी

॥ श्री ॥
दौंड
१ डिसेंबर १९९८

ती. आजीस,
सोनमचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

टीसीला मुक्ताबाईंकडे सोडून रविवारी परत निघाले ती एसटीत दौंड येईपर्यंत दुरडी मांडीवर धरून बसले होते. रिकामी होती, तरी धरली होती. घरी आल्यावर उंबऱ्यात थांबले. पायाला कोणी हुंगलं नाही. यांनी विचारलं, काय गं, विनातिकीट आलीस? मग आम्ही दोघं जेवलोच नाही.

मुक्ताबाई भल्या वाटल्या. पण घर केवढं गं, आजी. तीन चौक, इकडं धान्याची कणगी, तिकडं पोती. आमचं क्वार्टर तर तिच्या मिशांच्या मापाचं होतं. सांगितलेलं पुन्हा लिहिते, त्यांना वाचून दाखव. तिची वाटी एकाच जागी ठेवायची. उचलायच्या आधी नाव घ्यायचं. पोती हलवली तर तिला एकदा भोवतीनं फिरवायचं. रात्री ओरडली तर रागवायचं नाही, ती फक्त कोण आहे ते विचारते.

माझा जीव तिथंच अडकला आहे. खरं काय ते कळवत जा, बरं वाटावं म्हणून लिहू नकोस.

लोभ मागायला लाज वाटते, कारण आधीच फार घेतला आहे.

सोनम

॥ बिरोबा प्रसन्न ॥
वडगाव रासाई
१५ डिसेंबर १९९८

चि. सौ. सोनमबाईस,
आजीचा आशीर्वाद. वि. वि.

खरं लिव म्हणलीस, तर खरंच लिवते. आधी वाईट हाय, मग चांगलं हाय, तवा मधीच पत्र ठेवून रडत बसू नको.

तू गेलीस आन् चार दिवस टीसीबाई बरी हुती. भिंतीभिंतीनं हिंडायची. पण गडी पोती घेऊन आत-बाहेर करत्यात, एकाचा पाय तिच्या शेपटीवर पडला. मुक्ताबाई भिली. मला म्हणली, गिताबाई, ही पायाखाली जाईल एखाद दिवस. मी म्हणलं थांबा, माझ्याकडं विलाज हाय. मेंढरांचं एक पितळी घुंगरू राहिलं हुतं घरात. ते धाग्यात ओवलं आन् बांधलं तिच्या गळ्यात. गड्यांना ऐकू यील, बघून पाय टाकतील. मी आपली शाबासकी घेऊन घरी आले.

दुसऱ्या दिवसापास्नं मांजर कणगीखाली. बाहेर येईना. दूध ठेवलं, न्हाई. मासा आणला नदीचा, न्हाई. जरा मान हलवली की थिजून बसायची. मुक्ताबाईनं निरोप धाडला, हिला घर मानवलं न्हाई, झुरती हाय, माझ्या दारात मरायला नको, घेऊन जा. आता कुठं न्यायची सांग. तुझं सामान बांधायला लागलेलं, इकडं आपली कुत्री. मला भाकर गोड लागंना. पोपट म्हणला, आई, मांजरच हाय.

त्यात भैरू भावजी आले. म्हंजी माझे दीर, तुझे भैरूआजा, ज्यांची मेंढरं अजून हायत. बाजारला आलते, भाकरी खायला टेकले. मी त्यांना हे रडगाणं सांगितलं. त्यांनी भाकरीचा घास तसाच धरला आन् मला म्हणले, वैनी, सारा जन्म मेंढरामागं हिंडलीस. आंधळ्या मेंढीला कवा घुंगरू बांधलं हुतं का आपण?

सोनम, मी हातातली काठवट खाली ठेवली. अगं, आंधळ्या मेंढीला कधीच न्हाई बांधत. घुंगरू म्होरं चालणाऱ्या मेंढीला बांधायचं, आंधळी त्याच्या आवाजामागं चालती. आंधळीला कानच डोळं. तिच्या गळ्यात वाजत बसलं तर तिला दुसरं काय ऐकू येणार? मी त्या गरिबाचं उरलेलं दिसणंबी घालवलं हुतं. मेंढीचं मला पाठ, पण मांजर म्हणलं की मी घरची बाई झाले, रानातलं इसरले, त्याचं हे फळ.

तशीच उठले. भावजी म्हणत हुते कालवण तर वाढ. पोपटला म्हणलं तू वाढ. गुडघं दुखतात हे मुक्ताबाईच्या दारात गेल्यावर आठवलं. कणगीखाली हात घालून धागा तोडला. मग ते घुंगरू मुक्ताबाईम्होरं धरलं आन् म्हणलं, हे आता तुम्ही बांधा. पाटलाच्या घरची बाई, तिला मेंढीचं घुंगरू. पण कंबरेला चाव्यांचा जुडगा असतो तिच्या, त्यात अडकवलं. म्हणली, चालून बघते. सैपाकघरात गेली, परत आली. परत गेली. तिसऱ्या खेपेला कणगीखालनं नाक आलं. मग मिशा. मग सगळी बाई. मुक्ताबाईच्या मागं मागं सैपाकघरापर्यंत गेली आन् वाटीभर दूध पिऊन मोकळी.

आता दिवसभर पुढं मुक्ताबाई छुम छुम, मागं टीसीबाई. बापूसाहेबांकडं सोसायटीची माणसं बसली हुती, त्यांतला जयसिंग म्हणला, बापूसाहेब, घरात मेंढरू पाळलं का? बापूसाहेब म्हणले, न्हाई, आमच्या घरात आता कोण कुठं हाय ते कळतं, तुमच्या घरात कळतं का? मला मुक्ताबाईनं सांगितलं, आन् सांगताना पदरात हसली. किती वरसांनी बघितलं ते हसणं.

तू निवांत सोलापूरला जा. पत्ता धाड. दोन घरांत पुरून उरंल एवढी माया इकडं शिल्लक हाय, कमी पडली तर कळव.

आजी

॥ श्री ॥
सोलापूर
२५ जानेवारी १९९९

ती. आजीस,
सोनमचा नमस्कार. वि. वि.

तिळगूळ पाठवला होता, पोचला असेल. घुंगराचं पत्र हे ड्युटीवर घेऊन गेले होते आणि रेल्वेच्या केबिनमधल्या सगळ्यांना वाचून दाखवलं.

आनंदाची बातमी. आम्हाला क्वार्टर मिळालं. दोन खोल्या आहेत, मागं छोटं अंगण आहे. आता कोणाची अडचण नाही. पुढच्या रविवारी मी टीसीला न्यायला येते. मुक्ताबाईंचे उपकार फार झाले, त्यांना सांग की त्यांची जबाबदारी संपली. मी इथं तिची वाटी आधीच मांडून ठेवली आहे.

येताना तुला सोलापुरी चादर आणते. भेटेपर्यंत आठवणीत ठेव.

सोनम

॥ बिरोबा प्रसन्न ॥
वडगाव रासाई
३० जानेवारी १९९९

चि. सौ. सोनमबाईस,
आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र तुला निघायच्या आत मिळतं का न्हाई कोण जाणे. तुझं पत्र मी मुक्ताबाईला वाचून दाखवलं. जबाबदारी संपली, तिथपर्यंत वाचलं तवा ती तांदूळ निवडत हुती. निवडत राहिली. मग म्हणली, मांजर तिचीच हाय, तिनं मरणातनं काढली, तिनं न्यावी. परत तांदूळ निवडाय लागली. निवडलेलेच निवडत हुती.

मी कुणाच्या बाजूनं बोलू? तू माझ्या लेकीची लेक. ती माझी जुनी सोबतीण. मांजर न्हाई म्हणू शकत न्हाई, व्हय म्हणू शकत न्हाई. तवा तू ये, बघ, आन् मग ठरव. मी मधी तोंड घालणार न्हाई. पोपट म्हणतो हे ऐकायला तो बायकोला बोलावून आणतो.

भेटीची आस हाय.

आजी

॥ बिरोबा प्रसन्न ॥
वडगाव रासाई
१० फेब्रुवारी १९९९

चि. सौ. सोनमबाईस,
आजीचा भरभरून आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कार्ड आलं. चादर ऊबदार हाय. पोपट तिच्यावर डोळा ठेवून हाय, मी तिच्यावरच झोपते म्हंजी निघायची न्हाई.

तू एसटीत बसलीस तवा आपण काहीच बोललो न्हाई, म्हणून आता लिवते. तू टीसीला न्यायला आलीस त्या दिवशी मुक्ताबाईनं जुडग्यातनं घुंगरू काढून कोनाड्यात ठेवलं हुतं. तुला ते दिसलं न्हाई. मी इचारलं, तर म्हणली, वाजवून तिला ओढली तर ती पोरीशी लबाडी हुईल. तवा जे झालं ते सरळ झालं. तू नाव घेतलंस, मांजर आली, तुझे पाय हुंगले आन् मांडीवर चढून घुरघुरली. तुला इसरली न्हाई ती. हे मनात नीट ठेव. मुक्ताबाईचं तोंड मला बघवंना. ती चहाचं निमित्त करून आत गेली.

मग मांजर उतरली. घाई न्हाई, काही न्हाई. पोत्यांच्या मधनं, चौकाची पायरी उतरून, कणगीला वळसा घालून, भिंतीला मिशीबी न लावता सरळ सैपाकघरात. डोळस मांजर जाईल तशी. तू दुरडी हातात धरून बघत उभी हुतीस. मी तुझ्याकडं बघत हुते. तू दुरडी भिंतीला टेकवलीस आन् आत जाऊन मुक्ताबाईला म्हणलीस, चहात साखर कमी घाला. एवढंच म्हणलीस.

पदर डोळ्याला लावलास ते धुरानं, असं मी सगळ्यांना सांगितलं हाय. गॅसच्या शेगडीला धूर नसतो, पण कुणी इचारलं न्हाई.

दुरडी मुक्ताबाईकडंच राहिली. तिच्यात जुनं लुगडं घालून टीसीबाईचं अंथरूण केलंय. तुझा नवा पत्ता तिनं माझ्याकडनं उतरून घेतला. चौथी शिकलेली हाय, माझ्यापेक्षा अक्षर बरं, पण गोष्टी कमी येतात तिला. उत्तर देत जा.

तू गेल्यावर सांजच्याला आम्ही दोघी ओट्यावर बसलो हुतो, मांजर मधी. मग मुक्ताबाई म्हणली, पोरीनं मागितली असती तर मी दिली असती. मी म्हणलं, मला ठावं हाय.

तुला म्हणून सांगते, मला ठावं नव्हतं. आन् तिलाबी ठावं नसावं.

हनुमंतरावांना आशीर्वाद. अंगणात काहीतरी लाव, रिकामं ठेवू नको. तुझा लोभ माझ्यापाशी जपून हाय, माझा तू वापरत जा.

तुझी आजी,
गिताबाई