झी की डू

१८ ऑगस्ट १९५५, ठाणे
आजपासून जर्मन. नौपाड्यात लेले मास्तरांकडे. तरुणपणी ते जर्मनीत कापडाच्या रंगांचं शिकायला गेले होते. त्यांनी विचारलं, "या वयात कशाला, परब?" म्हटलं, सुनेला एक वाक्य सांगायचं आहे. आमच्या देवघरात यायचं नाही, एवढंच.
मास्तर चष्मा पुसत बसले. "भांडायला जर्मन शिकणारे तुम्ही पहिलेच."
सौ. म्हणते, आपला वसंता सांगेल की तिला. वसंता गोड करून सांगेल. जर्मनीला जाताना याच देवांपुढे नारळ ठेवून म्हणाला होता, तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही. तिथल्याच मुलीशी लग्न उरकून मग कळवलं, डिसेंबरात तिला घेऊन येतोय म्हणून. त्याच्याशी मी बोलणार नाही. तिच्याशी बोलेन, एकदाच.

२७ ऑगस्ट
सूर्य त्यांच्या भाषेत बाई. चंद्र पुरुष. सकाळी अर्घ्य देताना हात अडखळला. कचेरीत दिवसभर डोकं तापलेलं.

६ सप्टें.
मुलगी नपुंसकलिंगी. हे कुणाला पचत नाही म्हणे. मला पचलं. आमच्या मालवणात मुलीला 'तां चेडू'च म्हणतात, ती नाही, ते. माझी बहीण लग्न होईपर्यंत 'तां'च होती. मास्तर हसले, "मग अर्धी जर्मन गावाहूनच आणलीत की."
मला हसू आलं नाही. आपलं काही त्यांच्यात सापडावं, याचाच राग आला.

१९ सप्टें.
सौ.ने जरीची साडी उन्हात घातली. कुणासाठी ते विचारलं नाही. आपणहून म्हणाली, "वसंताच्या मॅट्रिकला कधी पुस्तक धरून बसला नाहीत. सुनेला अडवायला बरे बसता." जेवलो नाही.

५ ऑक्टो.
आज 'तुम्ही' आणि 'तू'. परक्याला झी. घरच्यांना, लेकरांना डू. देवालाही डू. तेवढं एक बरं आहे. देवाला अहोजाहो कोण करतं?
मास्तरांनी बजावलं, "तुमच्या वाक्यात झीच हवं. सासऱ्याने डू म्हटलं म्हणजे सुनेला घरात घेतलं. मोठ्यांनी एकदा डू दिलं की परत घेता येत नाही."
म्हटलं, आमच्यात सुनेला तूच म्हणतात. रागावतानाही.
"म्हणून तर सांगतोय."
'झी कॉमेन हिअर निश्ट हिनाइन.' तुम्ही इथे आत यायचं नाही. खोपटला घरापर्यंत घोकत आलो. वाण्याने विचारलं, "परब, कुठला मंत्र घेतलात?"

३ डिसें.
आले. वसंता पाया पडायला वाकला, मी पाय मागे घेतले. ती उंच, उन्हाने लाल झालेली. नाव हेल्गा. सौ. तिचा हात सोडेना. वाक्य जिभेवर होतं. पानं वाढलेली होती, म्हणून उद्या.

४ डिसें.
बोललो. सगळं फसलं.
पूजेला बसलो होतो. ती न्हाऊन दाराशी आली, पाय उंबऱ्यावर. उठून हात आडवा धरला. इतके दिवस घोकलं काय आणि तोंडातून निघालं काय! "डू कॉम्स्ट हिअर निश्ट हिनाइन." राग आला की माझ्या तोंडी तूच येतं.
तिने पाय मागे घेतला. चेहरा उतरायला हवा होता. डोळे भरले, पण हसली. म्हणाली, "या, पापा."
त्यांच्यात 'या' म्हणजे हो. मला ते ठाऊक आहे. सौ.ला कुठे ठाऊक. स्वयंपाकघरातून म्हणाली, "बघा. तुम्ही येऊ नको म्हणता, ती तुम्हाला या म्हणते."
मग बाहेर ती वसंताला सांगत होती. डू, डू एवढंच ऐकू येत होतं. तो दाराशी आला, "बाबा..." मी घंटा वाजवत राहिलो.

५ डिसें.
मास्तरांकडे गेलो. आता काय करू?
"आता झी म्हणालात तर थोबाडीत मारल्यासारखं होईल."
"मारायचीच होती."
"मग मारा."
उन्हाची छत्री तिथेच विसरून आलो. आणायला जाणार नाही.

९ डिसें.
ती रोज पूजेला उंबऱ्याबाहेर बसते. सांगितलं तशी. पदरसुद्धा आत येऊ देत नाही. देवासमोर दिलेला शब्द पोटच्या पोराने मोडला, आणि माझा शब्द पाळते कोण, तर ही. याचा राग कुणावर काढायचा?
आज रोजच्याप्रमाणे म्हणत होतो, देवा, तू सांभाळ. 'तू'पाशीच अडकलो. पुढचं आठवेना.
आरती झाली. तिने तीर्थासाठी हात पुढे केला, उजव्याखाली डावा. सौ.ने शिकवलेलं. मी पळी भरून उठलो. घे म्हणू की घ्या? एवढी जर्मन शिकून मराठीतच अडलो. उंबऱ्याच्या आत मी, हातात पळी. ती हात खाली घेईना.