दगडाची झाकलेली कड

७ ऑक्टोबर, मंगळवार

आधी दुरुस्ती. रविवारी मी लिहिलं की पप्पांच्या दगडावरचं प्लास्टर ‘आपोआप सुटलं’. ते खोटं आहे. तडा दगडाखालच्या बैठकीला होता. ती जोडायला म्हणून दगड कामावर, संग्रहालयात नेला, इथपर्यंत खरं. पण कडेवरचं प्लास्टर चांगलं घट्ट होतं. ते मी सुईने उकरलं. आत काय आहे ते बघायचं होतं म्हणून.

आता सगळंच नीट लिहिते, म्हणजे पुन्हा सारवासारव नको.

दगड म्हणजे पप्पांचा जलप्रलयाचा दगड. पंजाएवढा, वरच्या अंगाला शिंपल्यांचे ठसे. चर्चमधल्या रविवारच्या वर्गात नोहाचा धडा आला की पप्पा तो मुलांच्या हातात देतात — ‘डोंगरावर शिंपले कुणी नेऊन ठेवले? सांगा बघू.’ मी त्याच वर्गात वाढले. सगळ्यात मोठा आवाज माझाच असायचा. आता पप्पांच्याने उभं राहवत नाही, सिमेंटची धूळ फुप्फुसांत बसली आहे. २ नोव्हेंबरपासून वर्ग माझ्याकडे. पहिला धडा नोहाचाच.

आणि कडेला दिसलं ते असं: शिंपले. त्यावर चिखलाचा थर. त्या चिखलाला भेगा. भेगांत वेगळीच वाळू. वर पुन्हा शिंपले. म्हणजे पाणी आलं, ओसरलं, चिखल उन्हात वाळून तडकला, मग केव्हातरी पुन्हा पाणी आलं. सारी पृथ्वी पाण्याखाली असताना मधेच चिखल वाळला कुठे?

आमच्या विभागाच्या बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘तळ्याचा काठ गं. पाणी यायचं, जायचं. छान नमुना आहे.’ मग माझ्याकडे बघून — ‘अगं, रडतेस काय? दगडाने तुझं काय घोडं मारलंय?’

८ ऑक्टोबर

प्रार्थनेला बसले. शब्द आले, मी आले नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

प्रामाणिकपणे विचारते — पृथ्वी जुनी आहे हे मला परवा कळलं का? नाही. संग्रहालयात माझं कामच दगडातले जीवाश्म मोकळे करायचं. त्यांच्या पाट्या मीच लिहिते. कामावर पृथ्वी कोट्यवधी वर्षांची, घरी बायबलातली काही हजारांची. येता-जाता बसमध्ये कुठेतरी आकडा बदलायचा. त्याची इतकी सवय झाली की टोचेनासं झालं.

पण ते दगड परक्यांचे होते. हा आमचा.

पप्पांनी मला शाळेतून काढलं तेव्हा मी दुसरीत होते. आई गेली त्याच वर्षी. पुढे सगळी शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर. सकाळी ते गिलाव्याच्या कामावर जाण्याआधी गणित, आल्यावर वाचन. कुंडीत वाल पेरला होता आम्ही. रोज त्याचं चित्र काढायचं. एकदा मी कोंब फुटायच्या आधीच कोंब काढला, पप्पांना आनंद होईल म्हणून. त्यांनी रबर पुढे सरकवलं. ‘दिसलं तेवढंच काढायचं. हवंय ते काढायचं नाही.’ ओरडले नाहीत. त्यांचे ते पांढरे पडलेले हात, नखांत चुना.

मी ज्या डोळ्यांनी भेगा पाहिल्या ते डोळे त्यांनीच दिलेत. हे त्यांना कसं सांगू?

आत्या आज म्हणाली, ‘दगड कधी आणतेस? माझा भाऊ असा विचारतोय, जसा काही नातू दवाखान्यात ठेवलाय.’

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर आमच्या चर्चच्या पाळकांकडे थांबले. विचारलं — नोहाचा धडा दगडाशिवाय घेतला तर? त्यांनी कारण विचारलं, ते मी सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते खुर्च्या एकात एक रचत होते, रचतच राहिले.

‘माझ्यापुरतं सांगतो. मी पृथ्वीला कधी वय विचारलं नाही. म्हाताऱ्या बाईला विचारू नये.’

मी हसले. मग म्हटलं, ‘पण मुलांना आपण सांगतो ना वय.’

‘लहान आहेत गं. मोठी झाली की त्यांचं त्यांना कळेल.’

‘मी मोठी झाले. मला कुणीच सांगितलं नाही.’

यावर ते खुर्चीवर बसले. म्हणाले, ‘तुझ्या पप्पांसमोर मात्र काढू नकोस. माणूस उंबरठ्यावर आहे. त्याच्या हातातली काठी काढून घेऊ नये.’

ते दयाळू आहेत. सगळेच दयाळू आहेत. त्या दयेत मला श्वास घेता येत नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज एका मोठ्या हाडाला आधार द्यायला प्लास्टर कालवत होते. घट्ट होण्याआधी बोटाने कड सारखी केली. बोटाचा ठसा उठला.

हात धुतले आणि ड्रॉवरमधली डबी काढली. पप्पांच्या दगडावरून काढलेले तुकडे टाकले नव्हते. सगळ्यात मोठ्या तुकड्यावर अंगठ्याचा ठसा आहे. मधोमध आडवा वण. थापीने कापलेला पप्पांचा अंगठा!

दगड मिळाला तेव्हापासून ती कड लिंपलेली नव्हती. पप्पांनी लिंपली. आणि पप्पा गवंडी आहेत. जन्मभर गिलावा केला. ओलं वाळताना भेग कशी पडते, हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवायचं?

१६ ऑक्टोबर

विचारायचं नाही. विचारून मिळवायचं काय?

१७ ऑक्टोबर

न विचारता वर्ग घेणं म्हणजे मीही लिंपणंच.

१९ ऑक्टोबर, रविवार

दगड घरी आणला. बैठक न लावता, उघडाच त्यांच्या हातात दिला. आत्या बाहेर कपडे वाळत घालत होती.

पप्पांनी अंगठा कडेवरून फिरवला. हळू, जसा ताज्या भिंतीवरून फिरवायचे तसा. मग नाकावरची प्राणवायूची नळी सारखी केली.

‘वाळून पडलेली भेग आहे.’

‘हो.’

‘माझं काम चांगलं होतं. सुटायला नको होतं.’

‘सुटलं नाही पप्पा. मी काढलं.’

हे सांगून टाकलं, तेवढं बरं वाटलं.

मग ते तुकड्या-तुकड्यांनी बोलले. मधे दम लागत होता. आठवतं तेवढं लिहिते. आई जाऊन थोडेच दिवस झाले होते. बैठक करायला म्हणून दगड आडवा धरला, आणि दिसलं. ‘एक वीट निघाली की भिंत जाते, असं वाटलं मला. हे खोटं, तर तेही खोटं. मग तुझी आई पुन्हा भेटायची नाही.’ त्याच दुपारी लिंपलं. पुढच्या आठवड्यात माझ्या शाळेच्या पुस्तकात पृथ्वीचा धडा दिसला, आणि शाळा बंद.

‘मग मला कशाला शिकवलंत?’ — माझा आवाज चढला. चढायला नको होता.

‘तू मान डोलवायचीस. तेवढा वेळ मलाही खरं वाटायचं.’

मी त्यांचे पाय दाबत बसले. दुसरं काय करणार?

मग त्यांनी विचारलं, ‘तुझं सुटलं का गं? प्रभूचं?’

मी घाई केली नाही. दिसलं तेवढंच सांगायचं होतं. म्हटलं, ‘नाही पप्पा. सृष्टी सहा दिवसांत झाली, तेवढं गेलं. तो गेला नाही. या आठवड्यात मी त्याच्याशी भांडले, पण भांडायला तो होता.’

‘भिंत पडली नाही?’

‘नाही पडली.’

त्यांनी तोंड पलीकडे वळवलं. ‘मग मी उगाचच लिंपत बसलो.’

त्यांचे खांदे हलत होते. आत्या आत आली आणि माझ्यावर ओरडली, ‘काय बोललीस माझ्या भावाला?’

२१ ऑक्टोबर, मंगळवार

पप्पा एवढंच म्हणाले, ‘मुलांना सांग. पण मी गेल्यावर.’

मी हो म्हटलं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

हो म्हणून मी काय केलं! आता खरं बोलायची वाट बघणं म्हणजे त्यांच्या जाण्याची वाट बघणं. सकाळी त्यांचा श्वास ऐकते तेव्हा मनात नेमकं काय येतं, ते तपासत बसते. देवा, मला इतकं तपासायला शिकवायला नको होतं कुणी.

पाळकांना निरोप पाठवला, २ तारखेला वर्ग घेईन, पण नोहाचा नको. दुसरा कुठलाही धडा द्या. कारण कळवलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टर येऊन गेले. दारात चपला घालता घालता आत्याला म्हणाले, ‘रविवार धरून चालू नका.’ आत्याने मान हलवली आणि मागे वळून मला म्हणाली, ‘चहा टाक.’ चहा कुणीच प्यायला नाही.

दगड पप्पांच्या उशाशी आहे. कड भिंतीकडे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज सकाळी कड खोलीकडे वळवलेली होती. मला वाटलं आत्याने पुसताना फिरवली. ती म्हणाली, मी कशाला हात लावू, तुमच्या त्या दगडाला!

पप्पांनी नळी बाजूला केली. ‘मी गेल्यावर म्हटलं होतं, ते परत घेतो. मला ऐकायचंय. तू कसं सांगतेस ते. दोन्ही — भेगही, आणि तो गेला नाही तेही. मला नीट कळलेलं नाही अजून.’

रविवारपर्यंत थांबता येणार नाही. पाळकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मुलांना मी घेऊन येतो. आत्या शेजारून सतरंज्या आणायला गेली आहे, पुटपुटत.

नोहाचा वर्ग शुक्रवारी, ३१ ऑक्टोबरला, शाळा सुटल्यावर, पप्पांच्या पलंगाशी.