सांगून जाणारा माणूस

कोच,

तुम्हाला मराठी येत नव्हतं आणि मला इंग्रजीत मनातलं लिहिता येत नाही. म्हणजे तुम्ही असतात तरी हे पत्र तुम्हाला वाचता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात मी बहरीन कायमचं सोडतोय. व्हिसा कॅन्सल करायला कागद दिलेत. गेले चार दिवस सगळ्यांना भेटून सांगत फिरतोय. इथल्या सनद भागातला न्हावी झाला, खोलीखालच्या कोल्ड स्टोअरचा मल्याळी झाला, ज्याच्याकडून इतकी वर्षं दूध-पाव घेतला. कंपनीच्या ऑफिसात चहा देणारी नेपाळी बाई तर बघतच राहिली. "मेरे को बताने आया?" म्हणाली. तिला काय सांगू की ही खोड मला एका वेल्सच्या माणसानं लावली म्हणून. सगळे झाले, तुम्ही तेवढे राहिलात.

कंपनीनं मला तुमच्या फुटबॉल अकादमीच्या ड्युटीला लावलं, तो पहिला दिवस आठवतो. अमवाजला तुमच्या बिल्डिंगखाली मी गाडीचं मागचं दार उघडून उभा आणि तुम्ही सरळ पुढं येऊन माझ्या शेजारी बसलात. बॉलच्या दोन जाळ्या मागच्या सीटवर, साहेबासारख्या. तिथून बुदैयाच्या मैदानापर्यंत जायचं, मुलांचा सराव संपेपर्यंत थांबायचं आणि तुम्हाला घेऊन परत यायचं, एवढंच काम. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक बॉल मैदानाबाहेर माझ्याकडं आला. मी तो पायानं थांबवला आणि डाव्या पायानं बरोबर तुमच्या पुढ्यात दिला. तुम्ही शिट्टी तोंडातून काढून विचारलंत, कुठं खेळायचास? कोल्हापूर, म्हणालो. तुम्ही ते नावही ऐकलं नव्हतं आणि मला मनापासून राग आला. परतीच्या वाटेवर मग मी तुम्हाला सगळं कोल्हापूर ऐकवलं. तालीम म्हणजे काय, कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ कसे काढले, मॅच असली की पेठच्या पेठ कशी मैदानावर उतरते. मी आठ नंबर, मिडफिल्ड, म्हणून सांगितलं. "मी पण आठ," तुम्ही म्हणालात आणि हात पुढं केलात. गाडी चालवता चालवताच मी तो हातात घेतला.

तुमची हकीकत मला बुदैयाच्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकनं सांगितली म्हणायला हरकत नाही. गाडी अडकली की तुम्ही बोलायचात. कोळशाच्या खाणीचं गाव, वडील खाणीत, सोळाव्या वर्षी तुम्ही पहिल्या क्लबात मोठ्या खेळाडूंचे बूट पुसायला लागलात. त्यानंतर एकूण अकरा क्लब. कुठं दोन वर्षं, कुठं पाच महिने. कुठं मॅनेजर बदलला, कुठं गुडघ्यानं दगा दिला, कुठं तुमच्यापेक्षा तरणा आठ नंबर मिळाला. आणि एकदाच देशाच्या संघात बोलावणं आलं. लाल जर्सी अंगात घालून तुम्ही बाकावर बसलात, तीनदा तुम्हाला वॉर्म-अप करायला उठवलं आणि तीनही वेळा परत बसवलं. "त्या दिवशी अख्ख्या वेल्समध्ये सगळ्यात गरम माणूस मीच होतो," असं म्हणून तुम्ही हसायचात. मीही हसायचो. पण हे सांगताना तुमचा उजवा पाय गाडीच्या मॅटवर उगाचच हलत असायचा, ते मला दिसायचं.

तरीही जीभ कुठं गप्प बसते? एकदा मी म्हणालो, "कोच, आमच्याकडं तालीम बदलणारा माणूस पेठेतून मान वर करून चालू शकत नाही. अकरा क्लब! तुम्हाला कोल्हापुरात कुणी पाणीसुद्धा विचारलं नसतं." तुम्ही आधी खूप हसलात. मग खजुराच्या बागा लागल्या तसे खिडकीबाहेर बघायला लागलात. मला वाटलं, दुखावला माणूस. मग तुम्ही म्हणालात, "सोडले अकरा. पण न सांगता एकही नाही." प्रत्येक क्लबातून निघताना तुम्ही प्रत्येकाला तोंडावर सांगायचात, कपडे धुणाऱ्याला, गवत कापणाऱ्याला आणि शेवटी चहा देणाऱ्या बाईला. एका क्लबाचा व्यवहार संध्याकाळी घाईत झाला आणि ती बाई घरी गेलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दोन तास गाडी चालवत परत आलात, तिला सांगितलंत, तिच्या हातचा चहा प्यायलात आणि मग नव्या गावाला गेलात. हे ऐकल्यावर मी रेडिओ लावला. का लावला, ते तुम्हाला तेव्हा कळलं नाही.

माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात डब्यात गूळ असायचा. एकदा कडक चहाबरोबर तुम्हाला खडा दिला. तुम्ही डोळे मिटलेत आणि आजीच्या हातची टॉफी अशीच लागायची म्हणालात. मग मी सुट्टीवर निघालो तेव्हा तुमची एकच ऑर्डर होती, येताना गूळ आण. एअरपोर्टला सोडायलाही तुम्हीच आलात. आज मी ड्रायव्हर, म्हणालात आणि मला शेजारी बसवून इतकी वाईट गाडी चालवलीत की मी सगळा रस्ता पायानं नसलेला ब्रेक दाबत होतो. निघताना आम्ही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे मी तुम्हाला कधीतरी शिकवलं होतं. गेटपाशी मी बॅग उचलतोय, तोच तुम्ही हात वर करून मोठ्यांदा म्हणता, "येतो!" मी खो खो हसतो. "अहो कोच, निघतोय मी. 'येतो' मी म्हणायचं. तुम्ही फक्त 'ये' म्हणायचं." तुम्ही मान डोलावता आणि हट्टानं पुन्हा तेच म्हणता.

दोन महिन्यांनी परत आलो तो एक किलोची ढेप बॅगेत घेऊन. तुमचा फोन बंद होता. कंपनीनं मला दुसरी ड्युटी दिली होती. सुट्टीच्या दिवशी अमवाजला आलो तर खाली तो पेशावरकडचा म्हातारा वॉचमन. "कोच खलास, भाई," तो म्हणाला. "फ्लॅट खाली. सामान भी चला गया." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, माझी चांगली ड्युटी गेली म्हणून ठेवला. कॉन्ट्रॅक्ट संपला, व्हिसा कॅन्सल झाला, हे गेले आपल्या देशाला, एका शब्दानं कळवलं नाही! असा संताप आला की ढेप त्याच्या हातात कोंबली, तूच खा म्हणालो आणि मागं न बघता निघालो.

पुढं दीड वर्ष मी तुम्हाला शिव्या घातल्या, कोच. खोलीतल्या पोरांना सांगत होतो, गोऱ्या माणसाचं काही खरं नसतं. मग एका दुपारी पॅसेंजर सोडायला त्याच बिल्डिंगला गेलो. वॉचमननं मला ओळखलं. "तुम्हारा गुड़ हमने पूरी बिल्डिंग में बाँटा था, कोच साहब के नाम से. सबने दुआ की." मी विचारलं, नावानं म्हणजे? तो चकित झाला. "मय्यत के बाद बाँटते हैं ना. तुम लाया, तो हमने सोचा इंडिया में भी ऐसा होता होगा." मग त्यानंच सगळं सांगितलं. मी सुट्टीवर असताना एका सकाळी तुम्ही फिरायला जायला म्हणून बुटाची नाडी बांधत होतात, तिथंच संपलात. तुम्हाला विमानानं वेल्सला नेलं होतं. ड्रायव्हरला कळवायचं कुणाच्या लक्षात येणार? मी गाडीत बसून लहान मुलासारखा रडलो.

कोल्हापुरात कुणी 'अमका खलास' म्हटलं असतं तर मी अनवाणी पळालो असतो. पण इथं ड्युटी खलास, पेट्रोल खलास, डाळ खलास. ऐकून ऐकून माझ्याच भाषेतला शब्द माझ्या कानाला परका झाला होता. हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं देत आलो. खरं कारण वेगळं आहे. दोन तास गाडी हाणत चहावाल्या बाईला सांगायला जाणारा माणूस मला न सांगता जाईल, हे मी मानलंच कसं? आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात, तसं ओळखलं. मी तालीम बदलली होती, कोच. समोरच्या पेठेनं बोलावलं आणि मी गेलो. ज्या कॅप्टननं मला स्वतःचे बूट दिले होते त्याला सांगितलं नाही. त्यानं मला दुसऱ्या जर्सीत थेट मैदानावर बघितलं. वर्षभरात मी बहरीनला आलो. लोक समजले, कमवायला गेला. तो कॅप्टन अजून आहे. संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसतो म्हणे. घरी पोचलो की आधी तिकडं जायचं ठरवलंय, पण पाय किती साथ देतात बघू.

आणि एअरपोर्टवर निघालेले तुम्हीच होतात. तुम्ही बरोबर म्हणाला होतात, मी उगाच तुमची चूक काढली.

आता निरोपाचा शब्द लिहायचा तर पंचाईत आहे. 'जातो' म्हणायचं नसतं आणि तुम्हाला 'येतो' म्हणायला मी भितो. एवढ्यात यायचं नाहीये मला. म्हणून शेवटची ओळ न लिहिताच कागद घडी करून गुळाच्या डब्यात ठेवतोय.