वाघदऱ्याचा वणवा-मनोरा, उरला असेल तेवढा, पाहू देण्याबाबत

मु. केळवणे, ता. कुडाळ, जि. रत्नागिरी
दि. ११ फेब्रुवारी १९६४

प्रति,
मा. परिक्षेत्र वनाधिकारी,
वनखाते कचेरी, घोणसवणे

विषय : वाघदऱ्याच्या मनोऱ्यावर चढण्याची परवानगी.
संदर्भ : आपल्या कचेरीचे मार्च १९६२ चे पत्र. त्याला उत्तर दिलेले नाही.

महोदय,

संदर्भातील पत्राने मला मनोरा पाहण्याची परवानगी मिळाली होती. कोणत्या दिवशी व किती जण येणार, एवढेच मी कळवायचे होते. ते माझ्याने झाले नाही.

१. मी गावच्या वाचनालयात पुस्तके देण्याघेण्याचे काम केले. लोक मास्तर म्हणतात, पण मी शिकवलेले नाही. वर्गापुढे बोलण्याचे धैर्य नव्हते.

२. संस्थानच्या अमदानीतील या मनोऱ्यावर माझी पत्नी सौ. सुभद्रा हिचे वडील कै. महादू गावडे राखणदार होते. धूर दिसला की ते वरून ढोल वाजवीत आणि खालच्या वाड्या ओल्या डहाळ्या घेऊन धावत. सुभद्रा लहानपणी त्यांची पेज घेऊन मनोऱ्याखाली जाई. मुलीला वर चढू देत नसत. आभाळ स्वच्छ असले की वरून दर्या दिसतो, असे वडील खाली उतरून सांगत. आता काचबिंदूमुळे तिला उजेड व अंधार एवढेच कळते, आणि डॉक्टरांच्या मते तेही फार दिवस नाही. म्हणून ती म्हणते, “तुमी वर चढा. मी खाली बसतंय. दिसता तां माका मोठ्यान सांगा. पुस्तकातला सांगू नकात.”

३. आमच्याकडे देवाचा कौल घेतल्याशिवाय असे काम करीत नाहीत. देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावून गाऱ्हाणे घालतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आपले पत्र मिळताच मी गाऱ्हाणे लिहून पाठ केले. त्यात जावे काय, केव्हा जावे, माझे पाय चढतील काय, तिला ऐकू जाईल असे मला बोलता येईल काय व ऐकून तिचे समाधान होईल काय, असे सर्व होते. एकही पाकळी हलली नाही. गुरव बाबली म्हणाले, “मास्तरांनू, देवाक एका येळाक एकच इचारूचा. ह्यो तुमचो अर्ज झालो.” लोक हसले. पुन्हा देवळात जाण्याचा मला संकोच वाटला, आणि कौलावाचून आपणांस दिवस कळवणे योग्य वाटेना.

४. मनोऱ्याचे लाकूड लिलावात गेल्याचे ऐकतो. आपले वनरक्षक बाळा कुडाळच्या बाजारात भेटले. म्हणाले, “चढतलास खंय, मास्तर? वर असा काय रवलाच नाय.” शिडी व फळ्या नेल्या असून चार खांब तेवढे उभे आहेत. तेही शिमग्यापूर्वी जातील.

तरी विनंती की, खांब तूर्त ठेवावेत. शिडी परत लावणे शक्य नसल्यास माड चढणारा पाडेली मी सोबत आणीन. तो मला दोराने बांधून वर घेईल. पडल्यास जबाबदारी माझी, तसे लिहून देतो. राखीव जंगलात मोठ्याने बोलण्यास मनाई असल्यास तेवढ्यापुरती सूट मिळावी. माझा आवाज लांब जाणार नाही. दर्या दिसला नाही तर दिसला असे सांगायचे नाही, हे मी ठरवले होते. आता तीही खात्री देता येत नाही.

वरील विनंती वाचून पाहता देवळातलीच चूक पुन्हा झाली आहे. ती रद्द समजावी. आपण विचारले होते तेवढेच कळवतो : येता सोमवार. दोघे जण. खांब नसले तरी येऊ. जागा तिला पायांनी कळेल.

उत्तराला उशीर केलेला, आपला नम्र,
परशुराम सखाराम परब

सोबत : आपले मूळ पत्र. (पाहून परत करावे. सुभद्रा ते उशाशी ठेवते.)

(पाकिटाच्या पाठीवर)
टपालाची थैली बांधायला घेतली आहे. कौल घेतलेला नाही. सुभद्रा शेजारी उभी आहे. म्हणते, “टाका आता.” टाकतो.