पान्यावरची टेप

आबा, लेकरू बरं हाय. पयलं ते सांगते, न्हाईतर पुढचं तुमी नीट ऐकणार न्हाईत. तुमाला जाऊन आठ वर्षं झाली, हा नातू तुमी बघितलाच न्हाई. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालाय, म्हणून त्याला साधी शिंक आली तरी मी रातभर उशाशी बसून असते. मागच्या हप्त्यात त्याचा श्वास लई जोरात चालायला लागला, दूध बी ओढंना. धारूरच्या डॉक्टरनी छातीला नळी लावून ऐकलं आन् म्हणाले, "बाई, इथं थांबू नका, उन्हं कलायच्या आत बीडला न्या." अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलती. मालक ऊसतोडीच्या टोळीबरोबर ट्रॅक्टरवर. उरले मी, सासूबाई आन् आमची जुनी व्हॅन.

व्हॅन आठ-दहा दिवसांपासून मिसिंग मारायली होती. उभी असली की थरथरायची, चढाला दम सोडायची, आन् समोर काट्याजवळ इंजनाचा पिवळा दिवा लागायचा. खरं सांगते आबा, त्या दिव्याचं मला भ्याव वाटायचं. गाडी चालवताना सारखा डोळ्यात बघायचा. मग मी कपाळाची मोठी टिकली काढली आन् त्याच्यावर चिकटवली. सासूबाईंनी विचारलं तर म्हणले, "दृष्ट लागू नये म्हणून." त्या म्हणाल्या, "बरं केलंस."

घाट उतरलो तवर चालली. पुढं चढ लागला तशी हिसके द्यायला लागली, दिवा टिकलीच्या कडेनं लुकलुकायला लागला, आन् बंद पडली. दोन टेम्पोंना हात केला, थांबले न्हाईत. फोनला रेंज न्हाई. सासूबाई लेकराला घेऊन बाभळीखाली बसल्या. त्याच्या बरगड्या आत-बाहेर होताना मला लांबून दिसायल्या होत्या. मी रस्त्यातच उभी. तशा त्या ओरडल्या, "अगं, गॅरेजवाल्याची लेक ना तू? मग बघ की आत! का तिथं बी टिकली लावतीस?"

व्हॅनचं इंजन सीटाखाली असतं, तुमाला काय सांगायचं. मी सीट उचलली, आन् तापल्या ऑइलचा वास आला, तशी मी एकदम गेवराईत. हायवेचा नाका, आपला पत्र्याचा शेड. सातवीतून शाळा सुटलेली, तुमी मला तेलाच्या डब्यावर बसवलंय. मी घाईघाईनं चालू जीपची प्लगची वायर ओढते, आन् असा झटका बसतो की डब्यावरून खाली. तुमी आधी माझा हात चोळता, फुंकर घालता, मग ओरडता. "कावून घाई करायली? वायर न्हाई, प्लगवरची टोपी धरायची. बंद करून काढायची, चालू करून ऐकायचं. घरातलं राबतं माणूस गेलं की घर बसतं. नुसतं बसून खाणारं गेलं तर घराला पत्ता बी लागत न्हाई. गाडीचं तसंच हाय. ज्याची टोपी काढून बी फरक पडत न्हाई, तोच आजारी." मी रडता रडता हसले होते, कारण तुमी तेव्हा कोपऱ्यात नुसत्या बसलेल्या काकाकडं बघत होता.

तसंच केलं. बंद केली, तीन टोप्यांतली पयली काढली, चालू केली. लगेच इंजन बसलं. म्हणजे पयला राबता. ती टोपी परत लावली, मधली काढली, चालू केली. आधी जशी थरथरत होती तशीच थरथरायली, तसूभर फरक न्हाई. सापडला, आबा! पुन्हा बंद केली, वायर बोटानं चाचपली. उंदरानं कुरतडलेली, वरचं रबर गेलेलं, आतली तार तेवढी शाबूत. करंट पलीकडं लोखंडालाच जात होता. आन् तिथंच कोपऱ्यात खोबऱ्याचा तुकडा, बत्ताशाचा चुरा आन् उंदराच्या लेंड्या.

"आत्याबाई, हे काय?"

"दसऱ्याचा निवद," त्या म्हणाल्या. "सगळे वरून हार घालत्यात. राबतं तर इंजन! त्याला उपाशी ठेवायचं का?"

मी टिकली लावलेली, त्यांनी निवद ठेवलेला.

लग्नात माझ्या ट्रंकेत तुमी प्लगचा पाना ठेवलता. तो मी व्हॅनमधेच ठेवते, तोच घेऊन उभी होते. त्याच्या दांड्याला तुमी काळी टेप गुंडाळलेली. म्हणायचे, टेप पान्यालाच असू द्यावी, म्हणजे गरजेला शोधावी लागत न्हाई. नऊ वर्षांत मी ती कधी सोडली नव्हती. नखानं टोक काढलं, ताठ झालेली, पण आतल्या वेढ्यांचा चिकटपणा अजून तसाच. तुमच्या हातानं गुंडाळलेली टेप मी एकेक वेढा सोडत गेले आन् वायरीला मारत गेले. वायर लोखंडापासून लांब, नाडीनं बांधली. चावी फिरवली तर व्हॅन अशी गुरगुरली, जशी कधी आजारीच नव्हती. दिवा लगेच गेला न्हाई, पण लुकलुकायचा थांबला. टिकली मी काढून फेकली. मग बीड येईस्तोवर त्याच्याकडं बघतच चालवली.

छातीत कफ भरलता. चार दिवस ठेवून घेतलं, नाकाला नळी, सलाईन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आणलंत. आता दूध ओढतोय, माझे केस बी ओढतोय. सुट्टी झाल्यावर तिथल्याच एका गॅरेजात नवी वायर टाकली, दिवा बी गेला. मिस्त्रीनं जुनी वायर हातात घेऊन विचारलं, "ही टेप कुणी मारली? लई साफ हात हाय." मी म्हणले, "माझ्या वडलांनी."

ती वायर मी मागून घेतली. पाना आता नागडा दिसतो, त्याला नवी टेप गुंडाळायची हाय. हा कागद त्या वायरीसोबत ट्रंकेत ठेवीन. सीटाखाली ठेवला तर उंदीर खातील.

एकच राहिलं, आबा. लग्नात ट्रंक उघडली तेव्हा सासरच्या बाया पाना बघून हसल्या. एक म्हणाली, "बापाला काय भांडी मिळाली न्हाईत का?" मला लाज वाटली, आन् मी बी त्यांच्यात हसले. तुमी मांडवाच्या दाराशी उभे होता. तुमी ऐकलं का न्हाई, ते मी कधी विचारलंच न्हाई.